तिसरी पांढरी गाडी

आमच्या घरात गाडी घ्यायचं ठरलं ते बसच्या पायरीमुळे. बसची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच असते हे तुम्ही कधी मोजलंय का? माझ्या नवऱ्याने मोजलंय. तो पाणीपुरवठा खात्यात आराखडे काढतो, त्यामुळे खिशात मोजपट्टी असतेच. भर गर्दीच्या थांब्यावर ओणवा होऊन त्याने पायरी मोजली, घरी येऊन सासूबाईंचा गुडघा किती वर उचलला जातो तेही मोजलं आणि जाहीर केलं, की ही पायरी आणि हा गुडघा यांचं या जन्मी जमायचं नाही.

सासूबाईंची थोरली बहीण डोंगरातल्या एका गावात राहते. आम्ही तिला मावशी म्हणतो. दोघींची सहा वर्षांत भेट नव्हती. रोज फोनवर बोलायच्या, पण दोघींनाही कमी ऐकू येतं. त्यामुळे एक जण डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलायची, दुसरी गॅलरीतल्या गळतीबद्दल, आणि अर्ध्या तासाने दोघी समाधानाने फोन ठेवायच्या. पण मावशींचा ऐंशीवा वाढदिवस दोन महिन्यांवर आला तेव्हा सासूबाई जेवता जेवता थांबल्या आणि म्हणाल्या, "मला तिला बघायचंय. नुसतं ऐकून कंटाळा आला."

मग नवरा म्हणाला, "गाडी घेऊ."

गेल्या बावीस वर्षांत त्याने इतक्या पटकन काहीही ठरवलेलं नाही. आमच्या लग्नाला होकार द्यायलासुद्धा त्याने आठ दिवस घेतले होते. मी इतकी हरखले, की भातावर आमटीऐवजी ताक वाढलं. कारण गाडी चालवणार कोण, तर मी. नवरा चालवत नाही. रस्ता ओलांडतानाच त्याला पुरेसा थरार मिळतो. माझ्याकडे मात्र परवाना होता. अकरा वर्षांचा झाला होता बिचारा, पण अजून रस्त्यावर आला नव्हता.

नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेर होती. म्हणजे जुनी. एक दिवस सकाळी जिन्यात मी हे वाक्य फक्त दूधवाल्याजवळ बोलले, आणि संध्याकाळी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून घरी येईपर्यंत अख्खी इमारत आमची गाडी ठरवून मोकळी झाली होती. तळमजल्यावरचे शिंपी म्हणाले, "ताई, रंग मळखाऊ घ्या." त्यांच्या बायकोला वाटत होतं, की गाडी एखाद्या आजारी माणसाची घ्यावी, म्हणजे कमी फिरलेली असते. समोरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, की गाडीच घेऊ नका, माझी आहे, हवी तेव्हा मागा. त्यांची गाडी मागायला मी आजवर तीनदा गेले आहे आणि तिन्ही वेळा ती सर्व्हिसिंगला होती.

आणि मग वरच्या मजल्यावरून विमेवाले काका उतरले. काका चौतीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातात सापडलेल्या गाड्या तपासत होते. आयुष्यभर त्यांनी फक्त चेपलेल्या, जळलेल्या आणि बुडालेल्या गाड्या पाहिल्या. त्यामुळे धड गाडी नावाची वस्तू जगात असते यावर त्यांचा विश्वासच उरलेला नाही. रस्त्यावरून एखादी झकपक गाडी गेली, तर आपण म्हणतो "काय गाडी आहे!" काका म्हणतात, "कशी लपवलीय बघा."

"तुम्ही एकट्या जाऊ नका," ते मला म्हणाले. "फसवतील. मी येतो." आणि त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून माझ्यासमोर धरलं. पत्र्याला चिकटलं तर पत्रा खरा, नाही चिकटलं तर आत पुट्टी भरून वरून रंग मारलेला. रुमाल कशाला, तर रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. एवढा विचारी माणूस आपल्या बाजूला आहे म्हटल्यावर मला भलताच धीर आला.

नवऱ्याने वही केली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. वर स्वतःचा फोन नंबर लिहिला आणि आत, गाडी बघताना विचारायचे चौसष्ट प्रश्न. पहिला: 'गाडी का विकत आहात?' चौसष्टावा: 'खरं सांगा, गाडी का विकत आहात?'

पहिली गाडी बघायला आम्ही चौघंही गेलो. सासूबाई यायलाच हव्या होत्या, कारण शेवटी सगळं त्यांच्या गुडघ्यावर होतं. गाडी चकाचक. दार उघडलं आणि आतून अत्तराचा असा लोट आला, की नवऱ्याला सात शिंका आल्या.

"आमच्या मिसेसला सुवासाची आवड आहे," मालक म्हणाले.

काका सीटचा पट्टा ओढायला लागले. ओढतच राहिले. पट्टा संपेपर्यंत ओढला, आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चॉकलेटी रंगाची सरळ रेघ दिसली.

"ही गाडी पाण्यात होती," काका म्हणाले. "गळ्यापर्यंत."

"अहो, धुतली होती जरा."

"कशात? नदीत?"

मालकांनी आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांच्याकडे पाण्याचा विषयच नको होता म्हणा.

दुसरी गाडी एका डॉक्टरीणबाईंची होती, असं विकणारा म्हणत होता. फक्त घर ते दवाखाना. मीटरवर किलोमीटर इतके कमी, की आमच्या दूधवाल्याची सायकलसुद्धा जास्त फिरली असेल. मी खूश झाले, आत बसले, तर ब्रेकवरचं रबर झिजून झिजून आतलं लोखंड चमकत होतं. काका नुसते माझ्याकडे बघून मान हलवत राहिले. नवऱ्याने वही उघडली, नीट विचार करून नवा, पासष्टावा प्रश्न लिहिला आणि विकणाऱ्याला अत्यंत गंभीरपणे विचारला, "डॉक्टरांचं वजन किती होतं?"

असं करत करत सहा गाड्या झाल्या. एकीचं दार लागत नव्हतं, एकीचं उघडत नव्हतं. एकीत सासूबाई बसल्या त्या बसल्याच. सीट इतकी खोल, की त्यांना बाहेर काढायला मालकाच्या शेजाऱ्यांना बोलवावं लागलं. काका मात्र दिवसेंदिवस तजेलदार दिसायला लागले होते. प्रत्येक गाडीत काहीतरी निघायचंच, आणि काढल्यावर ते असा चेहरा करायचे, की जणू त्यांचं निवृत्तिवेतन वाढलंय. वाढदिवसाला चार आठवडे राहिले. सासूबाई काही बोलत नव्हत्या, पण फोनवर त्यांनी मावशींना, "बघू, जमलं तर," असं म्हटलेलं मी ऐकलं. मावशींना ते ऐकू गेलं नसावं. मला गेलं.

आणि मग ती सातवी.

जाहिरात वाचून मी फोन केला. विकणारा घाईत होता. "सोसायटीच्या गेटातून आत आलात की डाव्या हाताला शेड आहे. तिसरी पांढरी गाडी. किल्ली आतच ठेवतो, बघायला सुरुवात करा, मी दहा मिनिटांत पोचतो."

सूचना अगदी स्पष्ट होत्या. आमच्याकडून एवढंच झालं, की आम्ही मागच्या गेटाने आत गेलो. त्या सोसायटीला मागचं गेट आहे हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं, आणि जिला मागचं गेट आहे तिला पुढचंही असणार हे आमच्या चौघांपैकी कुणालाही सुचलं नाही. डाव्या हाताला शेड होती. तिसरी गाडी होती. पांढरी होती. किल्लीसुद्धा आत लटकत होती. आता आणखी काय पुरावा हवा?

काकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "गरम आहे! आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलं होतं. थंड इंजिन सुरू होत नसणार, म्हणून ही चलाखी. लिहा."

नवऱ्याने लिहिलं. मग शर्ट पँटमधून बाहेर काढून, वही छातीशी धरून तो गाडीखाली गेला. तेल गळतं का हा एकोणिसावा प्रश्न होता आणि तो विकणाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही असं त्याचं मत होतं. काका चुंबक घेऊन प्रदक्षिणा घालायला लागले. मी पुढे बसले आणि मोठमोठ्याने श्वास घेऊन वास घेतला. कसलाही वास नव्हता. पट्टा पूर्ण ओढला. शेवटपर्यंत स्वच्छ. ब्रेकवरच्या रबराची नक्षी जशीच्या तशी.

आणि मागचं दार उघडून सासूबाई आत बसल्या. कुणी हात दिला नाही, कुणी गुडघा उचलून ठेवला नाही. एखादी मुलगी झोपाळ्यावर बसते तशा बसल्या. आम्ही दोघी आरशात एकमेकींकडे बघत राहिलो.

"अगं," त्या म्हणाल्या, "परत करून बघते." उतरल्या. परत बसल्या. पुन्हा उतरल्या. चौथ्यांदा बसल्या तेव्हा त्यांना हसू आवरेना.

तेवढ्यात काका खिडकीशी आले. चेहरा उतरलेला. चुंबक मुठीत घट्ट धरलेलं.

"काय झालं काका? पुट्टी?"

"सगळीकडे चिकटतंय," काका म्हणाले. "चारही दारं, छप्पर, डिकी. एकदाही ठोकलेली नाही. चौतीस वर्षांत मी अशी गाडी..." बोलता बोलता त्यांनी परत दाराला चुंबक लावलं.

गाडीखालून नवऱ्याचा आवाज आला, "थेंब नाही गं, थेंब नाही!" माणूस आनंदाने पाय हलवत होता. मला त्याचे फक्त बूट दिसत होते, पण बूटही खूश दिसत होते.

"काय चाललंय इथे?"

हा आवाज आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. शेडच्या तोंडाशी एक उंच, ताठ, पंचाहत्तरीच्या बाई उभ्या होत्या. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात ओलं फडकं. आवाज असा, की त्यांनी निदान तीस वर्षं शाळा चालवलेली असणार. पुढे कळलं, बत्तीस वर्षं, मुख्याध्यापिका. पण कळायच्या आधीच मी सीटवर ताठ झाले होते आणि काकांनी चुंबक पाठीमागे लपवलं होतं.

"आम्ही गाडी बघतोय," मी म्हणाले.

"कुणाची?"

"ही."

"ही माझी आहे."

"हो ना, तुमचीच घ्यायची आहे," मी आनंदाने म्हणाले. "कितीपर्यंत सोडाल?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं, पण त्या क्षणी नवऱ्याने गाडीखालून विचारलं, "आले का गं ते? त्यांना सांग, इंजिन गरम करून फसवायचे दिवस गेले!"

बाईंनी बादली खाली ठेवली. त्या पायांकडे बोट करून म्हणाल्या, "बाहेर ये."

नवरा पन्नास वर्षांचा आहे, खात्यात वरिष्ठ आहे. पण असा सुळकन बाहेर आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. तोवर गॅलऱ्या भरल्या होत्या. रखवालदार काठी घेऊन धावत आला आणि त्याच्या मागोमाग खरा विकणारा, दोन्ही हात हलवत, "अहो, तिकडे! तिकडे! ती माझी!" त्याने दाखवलेल्या टोकाला, पुढच्या गेटापासून तिसरी, एक पांढरी गाडी उभी होती. पांढरी म्हणजे उरलेल्या भागात पांढरी.

माझी इतकी लाज कधीच गेली नव्हती. चार गॅलऱ्यांतून लोक विचारत होते, चोर कोण, ते तीन का मागे बसलेली म्हातारी? नवऱ्याच्या पाठीवर शेडमधलं सगळं वंगण उमटलं होतं. काका आपलं ओळखपत्र शोधत होते, जे कंपनीने त्यांच्याकडून नऊ वर्षांपूर्वी परत घेतलं होतं.

"आई, उतरा," मी दबक्या आवाजात म्हणाले.

सासूबाई उतरल्या नाहीत. त्यांनी काच खाली केली आणि बाईंना म्हणाल्या, "बाई, रागावू नका हो. चूक झाली पोरांची. पण तुमच्या गाडीत बसताना मला गुडघा उचलावा लागला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. आणखी दोन मिनिटं बसू का?"

बाईंनी फडकं बादलीवर टाकलं. मग दुसरं दार उघडून शेजारी बसल्या. "कुठला? उजवा?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही. तुमचा?"

"माझे डोळे."

पुढे काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही, कारण काच वर गेली. पंधरा मिनिटांनी सासूबाई उतरल्या आणि म्हणाल्या, "विकायची नाहीये. चला." खऱ्या विकणाऱ्याची गाडी बघायची आमच्यात ताकद नव्हती. काकांनी जाता जाता तिला नुसतं लांबून चुंबक दाखवलं.

तीन दिवस घरात कुणी गाडीचं नाव काढलं नाही. गडबडीत वहीही कुठेतरी पडली होती. चौथ्या दिवशी फोन वाजला.

"पासष्ट प्रश्नांची वही तुमची का?"

वही बाईंना गाडीखाली सापडली होती. त्यांनी ती आणून दिली नाही, बोलावून घेतलं. आम्ही गेलो तर टेबलावर वही उघडी, आणि पानापानावर लाल शाई. बाईंनी अख्खी वही तपासली होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या एकतीस चुका. सतराव्या प्रश्नाला 'मोघम' असा शेरा. चौसष्टाव्यापुढे 'पुनरुक्ती'. पासष्टावा प्रश्न, वजनाचा, त्यांनी संपूर्ण खोडून समासात 'असभ्य' लिहिलं होतं. नवऱ्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"पण प्रश्न मनापासून काढलेत," बाई म्हणाल्या. "म्हणून उत्तरं लिहिलीत."

खरंच लिहिली होती. सुवाच्य अक्षरात. कुठल्या महिन्यात तेल बदललं, कुठला टायर कधी घेतला. सोबत सोळा वर्षांच्या पावत्यांची फाइल, दोऱ्याने बांधलेली. आणि पहिल्या प्रश्नापुढे, 'गाडी का विकत आहात?' इथे, आधी रिकामी जागा आणि मग एकच ओळ: 'डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी चालवायला मनाई केली आहे.'

"रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू करते, पुसते आणि बंद करते," बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "तुमच्या सासूबाई त्या दिवशी म्हणाल्या, सहा वर्षांत बहिणीला भेटले नाही. गाडी त्याच्यासाठी असते. उभी राहून गरम व्हायला नसते."

मला आनंदाने उडी मारावीशी वाटली, पण बाईंनी बोट वर केलं.

"थांबा. आता माझे प्रश्न."

असं मी कुठे ऐकलं नव्हतं. गाडी घेणारा गाडी तपासतो. इथे गाडी आम्हाला तपासत होती. बाईंनी स्वतःची वही काढली. गाडी सावलीत ठेवणार का? भाड्याने देणार का? हॉर्न विनाकारण वाजवता का? मग त्यांनी मला किल्ली दिली, स्वतः शेजारी बसल्या, आणि माझी चाचणी सुरू झाली. अकरा वर्षांनी. मी आरसा तीनदा सारखा केला. सोसायटीच्या गेटातून बाहेर पडताना गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा उसळली आणि पळायला लागली, तेव्हा मी ओरडलेच, "चालली! चालली!"

"समोर बघा," बाई म्हणाल्या.

परत आल्यावर निकाल: शंभरपैकी त्रेपन्न. वळणावर इशारा नाही, क्लचवर पाय ठेवून गप्पा. "पुढच्या रविवारी फेरपरीक्षा."

तीन रविवार गेले. प्रयोगशाळेत मुलांना मी सांगत असते, की घाई केली तर काच फुटते. आता घरी जेवणाच्या टेबलाशी बसून मी पायांखाली दोन ताटल्या ठेवून क्लच-ब्रेकचा सराव करत होते. चौथ्या परीक्षेत एक्याऐंशी मिळाले. काकांनी जिन्यात सगळ्यांना सांगितलं. शिंपीकाकूंनी मला ओवाळायचंच बाकी ठेवलं होतं. किंमत बाईंनीच सांगितली, ती काकांना इतकी रास्त वाटली, की त्यांनी पुन्हा एकदा चुंबक फिरवून बघितलं.

"आणि कागद माझ्या नावावरून तुमच्या नावावर झाल्याशिवाय किल्ली मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या नावाच्या गाडीत फिरणं म्हणजे दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकावर पास होणं."

वाढदिवसाला चार दिवस होते.

वाहनं नावावर करायच्या कार्यालयात पाच नंबरची खिडकी आमची. आधी सांगितलं, की चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला, नंबर पेन्सिलीने कागदावर उमटवून आणा. नवरा पुन्हा गाडीखाली गेला. आता त्याला तिथे घरच्यासारखं वाटत होतं. मग दुसऱ्या दिवशी फाइल परत. कारण: विकणाऱ्याची सही जुन्या सहीशी जुळत नाही.

बाई स्वतः आल्या. इस्त्रीची साडी, हातात चष्म्याची डबी. खिडकीतल्या कारकुनाने कागद पुढे सरकवला. बाईंनी सही केली. त्याने जुनी सही बघितली, मान हलवली. सोळा वर्षांपूर्वीची सही एका फटकाऱ्यात मारलेली, खाली रेघ. आताची हळू, थांबत थांबत, अक्षर चाचपडत. दुसरी सही. तिसरी. प्रत्येक वेळी बाई चष्मा पुसत होत्या आणि प्रत्येक सही आधीच्यापेक्षा लहान होत होती. सहाव्या सहीनंतर त्यांनी पेन खाली ठेवलं. हजारो मुलांच्या निकालावर ज्या हाताने सह्या केल्या, तो हात काउंटरवर नुसता पडला होता. मला बघवेना.

"राहू दे बाई," मी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बघू. वाढदिवस काय, दर वर्षी येतो."

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याला मदतच करायची होती. तो पुढे वाकून, मोठ्याने, अतिशय मायेने म्हणाला, "आजी, लिहायची सवय नसेल तर अंगठा चालेल."

बाईंचा चेहरा हळूहळू लाल झाला. त्या उभ्या होत्या तिथेच वीतभर उंच झाल्या. पेन उचललं, कागद ओढला आणि सप्पकन सही मारली. खालची रेघ इतक्या जोरात ओढली, की कागद टोकाला फाटला.

कारकुनाने दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. वाकून बघितलं. सरळ झाला.

"हां," तो म्हणाला, "हीच ती," आणि त्याने धाडकन शिक्का मारला.

काकांनी टाळी वाजवली. आठ नंबरच्या रांगेतल्या कुणीतरीही वाजवली. बाईंनी टोपण लावून पेन परत दिलं आणि कारकुनाला म्हणाल्या, "'सवय' छान उच्चारलंत. आता माणसं ओळखायची सवय लावा."

वाढदिवसाच्या सकाळी आम्ही निघालो. बाईंना बोलवलं, तर त्या आधीच तयार होऊन खाली उभ्या होत्या. मागे सासूबाई, नवरा आणि काका. पुढे मी आणि शेजारी बाई. घाट चढताना एका वळणावर समोरून ट्रक आला आणि मी चढावरच थांबले. गाडी हळूहळू मागे सरकायला लागली. मागच्या सीटवर नवऱ्याने डोळे मिटले, काकांनी विमा आहे का असं विचारलं.

"अर्धा क्लच," बाई शांतपणे म्हणाल्या. "घाई नाही. आता सोडा."

सोडला. गाडी एक क्षण जागच्या जागी थरथरली, आणि वर निघाली. मी आणि बाई एकदमच हसलो. त्यानंतर डोंगर कधी चढला ते मला आठवत नाही. खिडक्या उघड्या, वारा आत, मागे सासूबाई प्रत्येक वळणाला "हे बघ! हे झाड तेव्हाही होतं!" म्हणत होत्या आणि मी, अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, गाणं म्हणत गाडी हाकत होते.

मावशी अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. आम्ही येणार हे त्यांना फोनवर सांगितलं होतं, पण त्यांनी काय ऐकलं होतं कुणास ठाऊक. गाडी थांबली, दार उघडलं आणि सासूबाई कुणाचाही हात न धरता उतरल्या. मावशी काठी न घेताच उठल्या. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मग मावशी म्हणाल्या, "अगं, केवढी बारीक झालीस," आणि सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणालीस?" आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागल्या आणि हसायलाही.

घरात पाहुणे होते, जेवण वाढलेलं होतं. आम्ही आत गेलो, हातपाय धुतले, ताटांवर बसलो. दोघींचा पत्ता नाही. बाईही दिसेनात. मी शोधायला बाहेर आले, तर गाडीच्या काचा वर केलेल्या आणि आत तिघी बसलेल्या. बंद गाडीत बाहेरचा आवाज येत नाही, त्यामुळे दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू येत होतं. मावशी हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, सासूबाई तोंडावर पदर धरून हसत होत्या, आणि पुढच्या सीटवर मागे वळून बसलेल्या बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

मी काचेवर टकटक केलं. काच खाली आली.

"आई, जेवण गार होतंय. सगळे थांबलेत."

"होऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "तू बस आत. ही म्हणते, तिला आजवर कुणी नुसतंच, काही काम नसताना, फिरवून आणलेलं नाही. ऐंशी वर्षांत एकदाही."

मी मागे वळून घराकडे बघितलं. नवरा दारात उभा होता, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. मी बसले आणि पट्टा लावला.

"कुठे जायचं, मावशी?"

मावशींनी सीटवर नीट रेलून घेतलं, साडी गुडघ्यांवरून सारखी केली आणि म्हणाल्या, "कुठेही. फक्त लवकर परत आणू नकोस."